कलादालनाची काच

कलादालनाची काच : चित्रे, शिल्पे, वस्त्रे मांडण्यासाठी बांधलेल्या इमारतीच्या भिंतींत, छतात व खिडक्यांत बसवली जाणारी काच. दुकानाची काच आतला माल दाखवते. कलादालनाची काच आत येणारा उजेड गाळते. म्हणून तिची निवड आत काय टांगायचे आहे यावरून ठरते. जलरंग, कागद व कापड यांच्यासाठी सुमारे ५० लक्स (उजेडाच्या तीव्रतेचे एकक) आणि तैलचित्रांसाठी सुमारे २०० लक्स ही संग्रहालयांत रूढ असलेली मर्यादा आहे. भर दुपारच्या उन्हात हेच माप लाखाच्या घरात जाते.

साध्या फ्लोट काचेत लोहाचा अंश असल्याने तिला हिरवट झाक असते. तावदानाच्या कडेकडून पाहिले की ती लगेच दिसते, आणि जाडीबरोबर वाढते. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील पिरॅमिडसाठी (१९८९) वास्तुकार आय. एम. पेई यांनी अशी झाक नसलेल्या काचेचा हट्ट धरला, कारण तिच्यातून जुन्या राजवाड्याचा मधाळ दगड दिसणार होता. सँ-गोबँ कंपनीने ती मुद्दाम तयार केली. मात्र पिरॅमिड हे प्रवेशद्वार आहे, त्याच्याखाली चित्रे नाहीत. त्यामुळे इतका पारदर्शकपणा तिथे परवडला.

कमी लोहाच्या काचेतून अतिनील किरणही अधिक आत येतात. ते अडवण्यासाठी दोन तावदानांमध्ये प्लास्टिकचा पातळ थर दाबून लॅमिनेटेड काच करतात. हा थर जवळजवळ सगळे अतिनील किरण शोषतो. एवढ्यावर चित्र सुरक्षित झाले असे सांगणारा विक्रेता अर्धेच सांगत असतो. डोळ्यांना दिसणारा उजेडही रंग उडवतो, आणि त्याचे नुकसान साठत जाते : ५०० लक्सचा एक तास ५० लक्सच्या दहा तासांएवढा. छतासाठी लॅमिनेटेड काच आणखी एका कारणाने हवी. टफन्ड (उष्णता देऊन मजबूत केलेली) काच फुटली की खड्यांचा सडा खाली पडतो, आणि निकेल सल्फाइडच्या एखाद्या सूक्ष्म कणामुळे ती कोणी हात न लावताही फुटू शकते. लॅमिनेटेड काच तडकली तरी थराला चिकटून राहते.

या सगळ्या विचाराचे सर्वांत नेटके उदाहरण म्हणजे ऑस्ट्रियात कॉन्स्टन्स सरोवराकाठी पीटर झुमथोर यांनी उभारलेले कुन्स्टहाउस ब्रेगेंझ (१९९७). बाहेरून इमारत पूर्ण काचेची दिसते, तरी वरच्या तीन मजल्यांवरील दालनांना एकही खिडकी नाही. १.७२ × २.९३ मीटर मापाची आणि प्रत्येकी २५० किलो वजनाची ७१२ तावदाने भोके न पाडता धातूच्या आधारांवर, कौलांसारखी किंचित तिरपी, मध्ये फटी ठेवून बसवली आहेत. आम्लाने पृष्ठभाग खरवडल्यामुळे काच दुधी झाली आहे. तिच्यावर ऊन पडले की ते पसरते. त्यामागे ९० सेंटिमीटरची मोकळी जागा आणि मग आतले काचेचे आवरण. प्रत्येक दालनाच्या काचेच्या छतावर पोकळी आहे. उजेड बाजूने त्या पोकळीत शिरतो आणि दुधी छतातून खाली झिरपतो, म्हणजे चित्रापर्यंत पोचण्याआधी तो तीनदा गाळला जातो. दिवेही त्याच पोकळीत आहेत. बाहेर ढग आला तर आत उजेड मंदावल्याचे जाणवते, ढग मात्र दिसत नाही. इमारतीचा भार काँक्रीटच्या भिंती पेलतात; काचेवर भार फक्त स्वतःचा.

उलट उदाहरण बर्लिनच्या नॉये नॅशनलगॅलरीचे (१९६८). मीस व्हान डेर रोहे यांच्या या दालनाच्या चारही बाजूंना अवाढव्य एकेरी तावदाने होती. हिवाळ्यात त्यांवर आतून पाणी धरे आणि काचांना तडे जात. डेव्हिड चिपरफील्ड यांच्या कार्यालयाने केलेल्या नूतनीकरणात (२०१५–२१) लॅमिनेटेड काच बसवली. चौकटींचा सडपातळपणा जाऊ नये म्हणून मध्ये हवेची पोकळी असलेली दुपदरी काच टाळली आणि थोडे पाणी धरणे पत्करले. कायम संग्रहाची दालने मीस यांनी पहिल्यापासूनच जमिनीखालच्या मजल्यावर ठेवली होती.