बर्फावरचे चाक

गाडीच्या चाकाला धाव कशी बसवतात, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. लोखंडी कडे लालभडक तापवायचे, लाकडी चाकावर चढवायचे आणि वरून पाणी ओतायचे, की कडे आवळून चाकाशी एकजीव होते. बैलाच्या खुराला पत्री, घोड्याच्या टापेला नाल. जशी जमीन, तशी पायाची तजवीज, ही गोष्ट आपल्या वाडवडिलांना पक्की ठाऊक होती. मग वाचकहो, जिथे वर्षातले चार-पाच महिने रस्ता बर्फाखाली असतो, तिथल्या माणसाने मोटारीच्या चाकाची काय तजवीज केली असेल? त्याचीच हकिगत आज सांगायची आहे. हकिगत टायरची खरी; पण तिच्यात वाद आहे तो शेजाऱ्याचा.

हवा भरलेला रबरी टायर १८८८ साली बेलफास्ट शहरातील जॉन बॉइड डनलॉप यांनी सायकलसाठी प्रचारात आणला. पुढे मोटारीनेही तो उचलला. रबराचा गुण असा की ते मऊ असते, म्हणून रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत रुतते आणि पकड घेते. पण थंडी वाढली की हेच रबर ताठर होते. साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली पारा उतरला, की उन्हाळी टायरची पकड कमी होऊ लागते. मग बर्फावर ब्रेक दाबला तरी चाक थांबते आणि गाडी मात्र पुढे घसरतच राहते!

पहिला उपाय निघाला साखळीचा. अमेरिकेत हॅरी वीड या गृहस्थांनी १९०४ साली चाकाभोवती गुंडाळायच्या साखळीचे पेटंट घेतले. ही साखळी आजही वापरतात. तुमच्या गावात लडाख-काश्मीरकडे नोकरी करून आलेला एखादा जवान असेल, तर त्याला विचारा. बर्फात लष्करी गाडीला साखळ्या कशा चढवतात ते तो सांगेल. पण साखळीला वेग सोसत नाही, आणि कोरडा रस्ता लागला की ती खाली उतरून काढावी लागते. गारठलेल्या बोटांनी हा उद्योग दिवसातून किती वेळा करणार?

दुसरा उपाय फिनलंडमध्ये निघाला. तिथे नोकिया नावाच्या गावी रबराचा एक कारखाना होता. त्या कारखान्याने १९३४ साली मालमोटारींसाठी खास हिवाळ्याचा टायर तयार केला. जगातला पहिला हिवाळी टायर म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. दोन वर्षांनी, १९३६ साली, लहान मोटारींसाठीही टायर निघाला. त्याला नाव दिले ‘हक्कापेलीट्टा’. सतराव्या शतकातील तीस वर्षांच्या युद्धात स्वीडनच्या राजाकडून लढलेल्या फिनलंडच्या घोडेस्वारांचे हे नाव. घोडा जाऊन मोटार आली, पण नाव स्वारांचेच राहिले. या टायरची नक्षी खोल आणि रुंद. त्या खाचांत बर्फ दाबून बसतो, आणि बर्फाला बर्फ चिकटतो, तशी चाकाला पकड मिळते.

पण भुसभुशीत बर्फ वेगळा आणि काचेसारखा गुळगुळीत गोठलेला रस्ता वेगळा. तिथे खोल खाचाही हात टेकतात. म्हणून टायरलाच खिळे ठोकण्याची युक्ती निघाली. नोकियाच्याच कारखान्याने १९६१ साली असा खिळ्यांचा टायर विक्रीला काढला. टंगस्टन कार्बाइड या अतिशय कठीण पदार्थाचे टोक जेमतेम एक-दोन मिलिमीटर बाहेर असते, पण ते बर्फात रुतते. घोड्याच्या नालेला टोकदार खिळे मारतात, तसलाच हा प्रकार. लोक खूश झाले. थंड मुलखांत खिळ्यांचे टायर भराभर पसरले.

आणि इथेच पेच पडला. खिळा बर्फ फोडतो हे ठीक. पण बर्फ वितळल्यावर तो काय फोडणार? रस्ताच की!

जपानातील सेंदाई शहराची गोष्ट ऐका. तिथे थंडी असते, पण बर्फ फार दिवस टिकत नाही. तरी सावधगिरी म्हणून लोक हिवाळाभर खिळ्यांचे टायर चढवून ठेवत. कोरड्या डांबरावर हजारो खिळे घासत. १९८० च्या सुमारास हिवाळ्यात शहरावर डांबर-खडीची धूळ तरंगू लागली. ती कपड्यांवर बसे, घरात शिरे, श्वासाबरोबर छातीत जाई. नागरिकांनी आवाज उठवला. मोटारवाला म्हणे, “माझ्या जिवाचे काय?” पायी चालणारा म्हणे, “आणि माझ्या श्वासाचे काय?” दोघांचेही म्हणणे खोटे नव्हते. अखेर १९९० साली जपानने कायदा केला. नेमून दिलेल्या भागांत, रस्त्यावर बर्फ नसेल तेव्हा खिळ्यांचा टायर चालवायला बंदी आली. रुग्णवाहिका आणि आगीच्या बंबांना मात्र सूट मिळाली.

कारखानदारही स्वस्थ बसले नव्हते. थंडीतही मऊ राहणारे रबर आणि त्यात हजारो बारीक चिरा, असा बिनखिळ्यांचा टायर पुढे आला. ब्रिजस्टोन कंपनीने १९८८ साली जपानात काढलेल्या टायरचे रबर तर स्पंजासारखे सच्छिद्र होते. बर्फावरचा पाण्याचा पातळ थर हाच घसरण्याचे खरे कारण. तो त्या छिद्रांत शिरतो आणि रबर बर्फाला टेकते.

मग प्रश्न सुटला म्हणता? सुटला आणि नवा उभा राहिला. साप्पोरो शहरात बर्फ भरपूर. तिथली धूळ गेली, पण रस्ते पूर्वीपेक्षा निसरडे झाले. पूर्वी खिळे बर्फ खरवडत. आता बिनखिळ्यांची चाके त्याच बर्फावर फिरून त्याला आरशासारखे घासून काढू लागली. माणसे चौकात घसरून पडू लागली.

म्हणून टायर निवडताना तिकडचा जाणता माणूस आधी रस्ता पाहतो. निर्जन, गोठलेल्या वाटेवर खिळ्याला तोड नाही. फिनलंड-स्वीडनमध्ये तो आजही चालतो. पण स्टॉकहोममधील हॉर्न्सगाटन या गजबजलेल्या रस्त्यावर २०१० पासून त्याला मज्जाव झाला. कोणताही घ्या, चारही चाकांना सारखाच घ्यावा लागतो. पुढची चाके धरतात आणि मागची सुटतात, असे झाले तर गाडी भिंगरीसारखी फिरते.

शिक्षक बंधु-भगिनींनो, हा पेच वर्गात मुलांपुढे जरूर मांडा. एकाच्या जिवाची काळजी दुसऱ्याच्या छातीत धूळ होऊन जात असेल, तर न्याय कसा करायचा? साप्पोरोच्या लोकांनी आपल्यापुरता एक मार्ग काढला. तिथे चौकाचौकांत वाळूच्या पेट्या ठेवलेल्या असतात. रस्ता ओलांडणारा वाळूची पिशवी उचलतो, निसरड्यावर वाळू पसरतो आणि पलीकडे जातो. मागून येणाऱ्याच्या पायाला ती वाळू आयती मिळते.