वाट सोडू नकोस

२०१० च्या पावसाळ्यात, वडोदऱ्याच्या घरी, मी ‘द पाथ’ हा संगणकावरचा खेळ पहिल्यांदा खेळले. सुरुवातीला सूचना दोनच होत्या. आजीच्या घरी जा, आणि वाट सोडू नकोस. लाल रंगाच्या एका खोलीत लाल-काळ्या कपड्यांतल्या सहा बहिणी होत्या, त्यांतली सर्वांत धाकटी, नऊ वर्षांची रॉबिन मी निवडली. समोर सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना जंगल. सांगितलेलं ऐकायची सवय असल्यामुळे मी इकडे-तिकडे न पाहता तिला चालवत नेलं. आजीचं घर आलं, आजी पलंगावर होती, रॉबिन तिच्याशेजारी जाऊन पहुडली. कसलंही संकट आलं नाही. आणि पडद्यावर शब्द उमटला : अपयश.

मला राग आला. सांगितलं तसं केलं, मग चुकलं कुठे? पुढे इतरांच्या प्रतिक्रिया ऐकल्या-वाचल्या, तेव्हा कळलं की हा राग माझ्या एकटीचा नव्हता. मार्च २००९ मध्ये हा खेळ बाजारात आल्यापासून जवळपास प्रत्येक खेळाडू याच दारात अडखळला होता. काहींनी तिथेच खेळ बंद केला. बाकीचे पुन्हा त्या लाल खोलीत गेले, मुलगी निवडली आणि या वेळी मुद्दाम रस्ता सोडला.

हा खेळ करणारे दोघे, ऑरिया हार्वी आणि मिकाएल सामिन. ती मूळची अमेरिकेची, तो बेल्जियमचा. घेंट शहरात त्यांनी ‘टेल ऑफ टेल्स’ नावाची छोटी संस्था काढली होती. सतराव्या शतकातल्या जांबात्तिस्ता बाझिले यांच्या नेपल्सच्या लोककथांचा संग्रह इंग्रजीत याच नावाने ओळखला जातो. २००८ मध्ये त्यांनी ‘द ग्रेव्हयार्ड’ केला होता. त्यात एक म्हातारी काठी टेकत कब्रस्तानात जाते, बाकावर बसते, एक गाणं ऐकते आणि परत फिरते. एवढंच. खेळ फुकट मिळत असे. पैसे भरून घेतला तर एकच गोष्ट जास्त मिळायची : ती म्हातारी बाकावर बसल्या-बसल्या मरू शकायची. यावर लोक हसले, चिडले, आणि काहीजण रडलेही. ‘द पाथ’चा वाचक, म्हणजे खेळाडू, कसा तयार होत होता याची ही पूर्वखूण होती.

‘द पाथ’मध्ये मारामारी नाही, गुण मिळवण्याची धडपडही फारशी नाही. जंगलात १४४ फुलं विखुरलेली आहेत, ती वेचता येतात, पण त्यांनी गोष्ट पुढे सरकत नाही. मुलगी धावू लागली की पडदा अंधारत जातो आणि समोरचं दिसेनासं होतं. म्हणजे घाई करणाऱ्याला काही दिसणार नाही. एखाद्या वस्तूजवळ गेल्यावर कळ दाबायची नसते, उलट हात काढून घ्यायचा असतो. आपण सोडलं की ती मुलगी स्वतःहून पुढे होते : झोक्यावर बसते, पियानोला हात लावते, कुणाशेजारी तरी जाऊन बसते. खेळ म्हणजे ताबा, असं मानणाऱ्या माणसाला हे विचित्र वाटणारच. ‘हा खेळच नव्हे’ अशी तक्रार झाली ती इथून. एप्रिल २०१० मध्ये अमेरिकी चित्रपट-समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी व्हिडिओ गेम कधीच कला होऊ शकत नाहीत असं लिहिलं आणि मोठा वाद झाला. ‘द पाथ’ची गंमत अशी की त्याला दोन्हीकडून नकार होता. कलेच्या दारावरचे म्हणत, हा खेळ आहे. खेळाच्या दारावरचे म्हणत, ही कला आहे, खेळ नव्हे.

पण खरी अस्वस्थता पुढे आहे. जंगलात प्रत्येक बहिणीचा एक लांडगा आहे, आणि रॉबिनचा सोडला तर तो लांडग्यासारखा दिसतही नाही. पंधरा वर्षांच्या रूबीला बाकावर एक तरुण भेटतो. सतरा वर्षांच्या कार्मेनला लाकूडतोड्या. तेरा वर्षांच्या जिंजरला लाल कपड्यांतली दुसरी एक मुलगी. भेट झाली की पडदा काळा होतो. मग दिसतं ते असं : पाऊस पडतो आहे, मुलगी आजीच्या घराबाहेर रस्त्यावर पडलेली आहे. ती उठते आणि पाय ओढत चालू लागते. घरात गेल्यावर खोल्या ओळखीच्या राहत नाहीत. शेवटी काही चित्रं डोळ्यांसमोर लखलखतात, आणि पडद्यावर शब्द येतो : यश. लाल खोलीत परत जावं तर ती मुलगी तिथे नसते.

काळ्या पडद्याच्या वेळात काय झालं? खेळाडूंमधली सगळी भांडणं या एका प्रश्नाभोवती आहेत. काही म्हणाले, बलात्कार झाला. काही म्हणाले, मृत्यू. काही म्हणाले, मुलगी मोठी झाली एवढंच, बाकीचं तुमच्या मनात आहे. हिंसेला ‘यश’ म्हणता, लाज वाटत नाही का, असाही सवाल आला. आणि अनेकांना वाटलेली अपराधी भावना : तिला तिथवर मी आणलं, आणि नेमकं त्या क्षणी मी हात काढून घेतला.

तौलनिक साहित्याच्या विद्यार्थिनीला हे भांडण ओळखीचं वाटावं, कारण ते २००९ पेक्षा बरंच जुनं आहे. शार्ल पेरो यांनी १६९७ मध्ये ‘लाल टोपीवाली’ छापली. त्यात आई मुलीला कसलीच ताकीद देत नाही. लांडगा तिला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. खाली बोधाचे पद्य : गोड बोलणारे लांडगे सर्वांत घातक. १८१२ मध्ये ग्रिम बंधूंनी तीच गोष्ट दिली. त्यात आईची ताकीद आहे, वाट सोडू नकोस, आणि पोट फाडून मुलीला बाहेर काढणारा शिकारीही आहे. म्हणजे ताकीद आणि सुटका एकत्रच आल्या. मुलीच्या वाट्याला नवी गोष्ट आली ती चूक. पेरोंच्या गोष्टीत तिचं नशीब वाईट होतं, ग्रिमच्या गोष्टीत तिचा दोष निघाला. विसाव्या शतकात लोककथा-अभ्यासक पॉल देलारू यांनी फ्रान्समधली तोंडी परंपरेतली रूपं पुढे आणली. त्यांतल्या एकात मुलगी आपल्या अकलेने निसटते. तिथे वाटा दोन आहेत, एक सुयांची, एक टाचण्यांची, आणि यांतली योग्य कोणती हे कुणी सांगत नाही. हार्वी-सामिन यांनी ग्रिमची ताकीद घेतली, पेरोंचा शेवट घेतला आणि शिकारी काढून टाकला. खेळाडू ज्याची वाट पाहत होता, तो वाचवणारा आलाच नाही. चिडण्याचं अर्धं कारण ते असावं.

आपल्याकडे ही गोष्ट उलटी चालते. टुणूक टुणूक उड्या मारणाऱ्या भोपळ्यातली म्हातारी मराठी घरात कुणाला माहीत नाही? जंगल ओलांडून ती लेकीकडे जाते. वाटेत प्राणी आडवे येतात, आणि ‘परत येताना लठ्ठ होऊन येते, मग खा’ असं सांगून ती सुटते. कोलकात्यात एम.ए. करताना याच म्हातारीची बंगाली बहीण मला उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या १९१० च्या ‘टुनटुनीर बोई’मध्ये भेटली. ती कुबडी आहे, नातीकडे जाते आणि दुधीच्या खोळीत बसून परतते. या दोघींना वाट सोडू नकोस असं कुणी बजावत नाही. जंगल हीच वाट. पण हे सांगताना मी स्वतःला थांबवते. म्हाताऱ्या बाईला आपण जंगलात खुशाल जाऊ देतो, तरुण मुलीला नाही. तिच्यासाठी आपल्याकडे रेषा आहे. ती वाल्मीकींच्या अरण्यकांडात नसली, तरी नंतरच्या कथनांनी काढली आणि प्रत्येक घराच्या उंबऱ्यापर्यंत आणली. आपली भाषाच पाहा. वाट चुकणे, वाट वाकडी करणे, आडवाटेला जाणे, पाऊल वाकडं पडणे. मुलाची ‘वाट लागते’, मुलीचं ‘पाऊल’ पडतं.

मध्यंतरी ‘लाल टोपीवाली’च्या एका नव्या कथनाचा अनुवाद माझ्याकडे आला, तेव्हा त्या काळ्या पडद्याशी माझी पुन्हा गाठ पडली. भेटीचं वाक्य मराठीत कसं लिहायचं? ‘तिला लांडगा भेटला’ म्हटलं की योगायोग झाला. ‘ती लांडग्याला भेटली’ म्हटलं की ती आपणहून गेली. ‘लांडग्याने तिला गाठलं’ म्हटलं की गुन्हा झाला. खेळाडू वर्षानुवर्षं ज्यावर भांडत होते, त्याचा निकाल मराठीत एका विभक्ती-प्रत्ययावर लागत होता. खेळाला व्याकरण नव्हतं म्हणून तो गप्प राहू शकला. मला गप्प राहता येत नव्हतं.

त्या आठवड्यात मला आत्या आठवत राहिली. वडोदऱ्याच्या घरात स्टुडिओत काढलेला एक फोटो होता : आजोबा, आजी आणि पाच भावंडं. नंतरच्या सगळ्या फोटोंत भावंडं चार. ‘तिचं पाऊल वाकडं पडलं’, एवढंच वाक्य घरात होतं. पुढचा पडदा काळा. काकांची एक हकिकत होती, शेजारणीची दुसरी, आईची तिसरी, आणि तिघंही ठामपणे सांगत. मी पस्तिशीत असताना आत्याला नागपुरात भेटले. ती शाळेतून निवृत्त झाली होती. मी नेमकं काय झालं ते विचारलं. ती म्हणाली, ‘काय झालं ते वाईटच होतं गं. पण सगळे तेवढंच विचारतात. त्यानंतर मी तीस वर्षं शिकवलं, ते कुणी विचारत नाही.’

म्हणून ‘यश’ या शब्दावर मी आता सहजासहजी कोणाची बाजू घेत नाही. ज्यांना तो क्रूर वाटला, त्यांचं बरोबर आहे. पावसात पडलेल्या मुलीला कुणी शाबासकी देऊ नये. पण घरच्या वाटेवरून पोहोचलेल्या मुलीला ‘अपयश’ ऐकवण्यातही काही खरं होतं. तिला गोष्टच मिळाली नव्हती.

गेल्या दिवाळीत भाची घरी आली होती. सोळा वर्षांची. तिच्या हातात मी तो जुना खेळ दिला. पहिल्या ‘अपयशा’वर ती हसली, ‘मावशी, हे तर आमच्या शाळेच्या उलट आहे.’ मग तिने रूबी निवडली. पडदा काळा झाला, पाऊस आला, रूबी उठली. भाचीने कळेवरून हात काढला. आपण नेल्याशिवाय रूबी घरात जात नाही. ती तशीच पावसात उभी राहिली. ‘आता जा की पुढे,’ मी म्हटलं. ‘नको, तिला जरा बसू दे,’ ती म्हणाली.

टेल ऑफ टेल्सनी २०१५ मध्ये ‘सनसेट’ काढला. त्याच्या चार हजारांहून थोड्याच जास्त प्रती खपल्या आणि त्यांनी बाजारासाठी खेळ करणं थांबवलं. हिशोबाच्या वहीत याला अपयशच म्हणतील.

माझ्या अनुवादात शेवटी मी तिन्ही वाक्यं खोडली आणि लिहिलं : ‘मग तिची नि लांडग्याची गाठ पडली.’ संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह काढलं, नेमकं काय झालं ते मुलांना कळणार नाही म्हणून. मी ते वाक्य तसंच ठेवलं, आणि त्यानंतर एक परिच्छेद मूळ लेखिकेच्या परवानगीने वाढवला. त्यात ती मुलगी दुसऱ्या दिवशी उठते.