उभयान्वयी अव्ययांचा पूर्वाश्रम

इंग्रजीतली उभयान्वयी अव्यये शाळेत यादी करून पाठ करून घेतात, त्यामुळे ती भाषेबरोबरच जन्मली असावीत असा समज होतो. प्रत्यक्षात त्यांतली बरीचशी पूर्वाश्रमी दुसरेच काही होती. वाक्ये जोडण्याचे काम त्यांच्याकडे मागाहून आले. ‘व्हाइल’चेच पाहा. जुन्या इंग्रजीत ‘ह्वील’ हे ‘वेळ’ या अर्थाचे साधे नाम. ‘अमुक चालू असताना’ म्हणायचे तर ‘था ह्वीले थे’, म्हणजे ‘ज्या वेळात’, अशी तीन शब्दांची मोळी बांधावी लागे. पीटरबरो मठाच्या बखरीत 1137 सालच्या नोंदीत स्टीफन राजाच्या 19 हिवाळ्यांतली प्रजेची दैना सांगितली आहे; तिथे ही मोळी सुटून नुसते ‘विले’ उरलेले दिसते. पुढे त्यालाच ‘उलटपक्षी’ हाही अर्थ चिकटला, कारण दोन गोष्टी एकाच वेळी चालल्या आहेत म्हटले की त्यांची तुलना आलीच. ‘बट’चे मूळ ‘बूटान’, म्हणजे ‘बाहेर’. स्कॉटलंडमधल्या दोन खणी घराला ‘बट अँड बेन’ म्हणतात, त्यातली ‘बट’ ही बाहेरची खोली. ‘बाहेर’वरून ‘वगळून’ आणि ‘वगळून’वरून ‘परंतु’ असा हा प्रवास. ‘नोबडी बट हिम’मध्ये मधला मुक्काम अजून शाबूत आहे. ‘बिकॉज’ चॉसरच्या काळी ‘बाय कॉज दॅट’ असे सुटेही लिहीत. मराठी माणसाला यात नवल वाटू नये: आपले ‘कारण’ नामही आहे नि अव्ययही, आणि ‘म्हणून’ तर उघडउघड ‘म्हणणे’तून आलेले.

‘अँड’पाशी मात्र हा हिशेब अडतो. जुन्यात जुने इंग्रजी लेखन उघडले तरी ते तिथे अव्यय म्हणूनच ठाण मांडून बसलेले असते. हे मान्य करावे लागेल. म्हणूनच वर ‘बरीचशी’ म्हटले, ‘सगळी’ नव्हे. दुसरा आक्षेप असा की कुळी कळल्याने वाक्य सुधारत नाही. पण ‘आफ्टर’, ‘बिफोर’ कधी शब्दयोगी तर कधी उभयान्वयी का, हा विद्यार्थ्याला छळणारा प्रश्न यादीने सुटत नाही. दोन्ही आधी शब्दयोगी होती, नवे काम अंगावर घेताना त्यांनी जुने सोडले नाही, एवढे सांगितले की सुटतो. शिवाय हे सारे जुन्या काळीच आटोपले असेही नाही. अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने 2013 चा शब्द म्हणून ‘बिकॉज’ निवडला, तो ‘ऑफ’ गाळून त्याच्यापुढे नुसते नाम ठेवण्याची चाल ऑनलाइन लिखाणात रुळली म्हणून. काही व्याकरणकार तर ‘बिकॉज’ला आताच शब्दयोग्यांच्या रांगेत बसवू लागले आहेत.