लाकडाची देवी

आपल्याकडे देव म्हटला की दगडाचा किंवा पितळेचा. मातीचा गणपती येतो, पण तो दहा दिवसांचा पाहुणा. म्हणून पुरीच्या देवांचं मला नेहमी नवल वाटतं. जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा, तिघेही कडुनिंबाच्या लाकडाचे. त्या लाकडाला तिथे 'दारु' म्हणतात. (हसू नका, देवदारातला दारु तोच!)

तिघांत मला जवळची सुभद्रा. पिवळा चेहरा, हात नाहीतच. नाव कृष्णाच्या बहिणीचं, पण पूजा होते ती भुवनेश्वरीच्या मंत्राने.

आता विचार करा, समुद्रकाठचं दमट गाव, रंगवलेलं लाकूड आणि रोजची पूजा. अभिषेक केला तर रंग किती दिवस टिकणार? यावर तोड अशी की, रोजचं स्नान देवांच्या आरशातल्या प्रतिबिंबाला घालतात. खरं स्नान फक्त ज्येष्ठ पौर्णिमेला. त्या दिवशी १०८ घागरी पाणी, त्यातल्या २२ सुभद्रेच्या. रंग अर्थातच उतरतात. मग देव 'आजारी' पडतात आणि पंधरवडाभर दर्शन बंद. या काळाला अणसर म्हणतात. तिळाचं तेल, फुलं आणि औषधी वनस्पती मुरवून केलेलं फुलुरी तेल देवांना लावतात, नवे लेप आणि रंग चढवतात. भक्त तोवर चित्रकारांनी काढलेल्या पटांचं दर्शन घेतात. रथयात्रेला देव ताजेतवाने! श्रद्धेच्या भाषेत आजारपण, आपल्या भाषेत वार्षिक डागडुजी.

तरी लाकूड ते लाकूडच. ज्या वर्षी अधिक आषाढ येतो, त्या वर्षी मूर्तीच नव्या घडवतात. हे नवकलेवर १९६९, १९७७, १९९६ आणि २०१५ साली झालं. आपण धोंड्याच्या महिन्यात जावयाला अनारसे देतो, तिकडे देव देह बदलतो. झाड शोधायला दैतापती सेवक आधी काकटपूरच्या मंगला देवीकडे जातात. २०१५ मध्ये सुभद्रेचं झाड जगतसिंहपूर जिल्ह्यातल्या अडंग गावी सापडलं. जुन्या मूर्ती देवळाच्या आवारातच, कोइली वैकुंठात पुरतात आणि दैतापती घरचं माणूस गेल्यासारखं सुतक पाळतात.

याच देवळासमोर अरुणस्तंभ आहे. तो कोणार्कहून इथे आणला गेला तो मराठ्यांच्या अमलात (नागपूरकर भोसल्यांकडे ओडिशा १७५१ ते १८०३ होता). बाहेर शेकडो वर्षांचा दगड, आत २०१५ चं लाकूड. यातलं जुनं कोण? मला तरी आतली देवी जुनी वाटते.

हे सगळं आठवायचं कारण आमची मावशी. आजीने पुरीहून आणलेले वीतभर उंचीचे तिघं तिच्या देव्हाऱ्यात आहेत. सुभद्रेचा रंग सुटलाय, तळाशी बारीक भोकं पडलीत आणि खाली पिठासारखी भुकटी सांडते. मामा म्हणतो विसर्जन करा, मामेभाऊ म्हणतो व्हार्निश मारा.

मावशी, माझं ऐकशील तर व्हार्निश नको. सुटलेल्या रंगावर ते बसलं की पुन्हा नीट निघत नाही. ओलं फडकं नको, फर्निचरचं पॉलिश नको, उन्हात तर मुळीच ठेवू नकोस, लाकूड तडकतं. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ काढ, पण रंग सुटलाय तिथे तोही लावू नकोस. समईच्या धगीपासून आणि ओलसर भिंतीपासून दूर ठेव. भुकटी पुसून खाली काळा कागद अंथर. ताजी भुकटी दिसली तर कीड जिवंत आहे असं समज. मग सुभद्रेला वेगळ्या डब्यात ठेव आणि लाकडी मूर्तींचं जतन करणाऱ्या जाणकाराला दाखव.

आणि तरीही ती गेलीच, तर वाईट वाटून घेऊ नकोस. पुरीतही ती जाते, पुन्हा येते. फक्त तिथे आधी वर्षानुवर्षं तिची सेवा होते. निरोपाचं मग बघू. आधी आपण तेवढं तरी करू या.