शाहीर अमर शेख : बार्शीच्या पेठेतून मराठी रंगमंचावर

आपल्या सोलापूर जिल्ह्यातली बार्शी ही मराठवाड्याच्या वाटेवरची जुनी बाजारपेठ. १८९७ मध्ये इथे बार्शी लाइट रेल्वे आली, १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली. जिथे बाजार आणि जत्रा, तिथे तमाशाचा फड, हे तर आपण करकंबकर जाणतोच.

याच बार्शीत २० ऑक्टोबर १९१६ रोजी मेहबूब हुसेन पटेल यांचा जन्म झाला. हेच पुढचे शाहीर अमर शेख. गाण्याचा वारसा आई मुनेरबींकडून मिळाला. पोटासाठी मोटारीवर क्लीनर झाले, गिरणीत राबले, संपात उतरून तुरुंगातही गेले.

१९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. तमाशाच्या बाजात कामगार-शेतकऱ्यांचं दुःख रंगमंचावर आलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या पहाडी आवाजाने सभा पेटायच्या. 'पहिला बळी' हे नाटक आणि 'कलश' हा काव्यसंग्रहही त्यांचाच.

२९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ अपघातात त्यांचं निधन झालं.

मराठी आपली नाही, असं कुणी आपल्या मुलांना म्हणालं, तर त्यांना हे नाव जरूर सांगूया.