राणीचं हाड आणि गावचं रक्त

जुन्या गोव्यातला ऑगस्टिनियन मठ 1835 मध्ये बंद पडला आणि 1842 मध्ये त्याच्या चर्चचं छत कोसळलं. उरला तो मनोरा, तोही अर्धाच. या ढिगाऱ्यात पुरातत्त्वज्ञ कित्येक वर्षं एक खिडकी शोधत होते. जुन्या पोर्तुगीज कागदांत ठिकाण स्पष्ट लिहिलं होतं: मठाच्या सभागृहाशेजारच्या प्रार्थनामंदिरात, दुसऱ्या खिडकीपाशी, दगडी पेटीत जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष ठेवले आहेत.

पर्शियाचा शहा अब्बास याने 1624 मध्ये शिराझ इथे केतेवानला हाल हाल करून मारलं, कारण ती धर्म सोडायला तयार नव्हती. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष गुपचूप मिळवले आणि त्यांतला काही भाग गोव्यात आणला. 2004 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला इथे हाताचं एक लांब हाड सापडलं. ते राणीचंच कशावरून?

हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत के. थंगराज, नीरज राय आणि सहकाऱ्यांनी त्यातला मायटोकाँड्रियाचा डीएनए तपासला. हा डीएनए फक्त आईकडून येतो आणि पेशीत त्याच्या शेकडो प्रती असतात, म्हणून जुन्या हाडातही तो तग धरण्याची शक्यता जास्त. वंशगट निघाला यू1बी. बावीस हजारांहून अधिक भारतीयांच्या नमुन्यांत तो एकदाही नव्हता. तपासलेल्या 30 जॉर्जियनांपैकी दोघांत होता. एवढ्यावर नाव सिद्ध होत नाही. पण पोर्तुगीज कागद, उत्खननातली जागा आणि डीएनए या तिन्हींचा मेळ बसला. जुलै 2021 मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी भारताच्या वतीने तिबिलिसीत हे अवशेष जॉर्जियाच्या हवाली केले.

राणीला तिचा देश मिळाला, हे चांगलंच झालं. पण गोव्याच्या इतिहासात त्याहून मोठा प्रश्न तिसवाडी, बार्देश आणि साष्टीतल्या साध्या माणसांचा आहे. 1510 मध्ये पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्क आला, 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं, देवळं पाडली गेली. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. माणसं दोन वाटांनी गेली. काही देवासोबत निघाली. काही गावातच राहिली, आणि त्यांना नवं नाव, नवं आडनाव मिळालं.

रक्तही बदललं का?

2021 मध्ये थंगराज, लोमस कुमार आणि सहकाऱ्यांनी गोवा, कुमठा आणि मंगळूर इथल्या 110 रोमन कॅथलिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचं सर्वांत जवळचं नातं गौड सारस्वत ब्राह्मणांच्या जुन्या वंशाशी निघालं. चाळीस टक्क्यांहून जास्त पुरुषांचा पितृवंश आर1ए होता. हा गट युरोपातही आढळतो, म्हणून कुणी तो पोर्तुगीज रक्ताचा पुरावा मानेल. पण उत्तर भारतात आणि सारस्वतांत तो पोर्तुगिजांच्या कितीतरी आधीपासून आहे. कॅथलिक फर्नांडिस आणि सारस्वत प्रभू यांचे खापरपणजोबा एकाच अंगणात वाढलेले असू शकतात.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर वेगळंच घडलं. तिथल्या त्सिमशियन लोकांच्या पूर्वजांची हाडं आणि आजचे वंशज यांच्या डीएनएची 2016 मध्ये तुलना झाली. युरोपीय आल्यानंतर तिथली लोकसंख्या सुमारे 57 टक्क्यांनी घटल्याचा अंदाज निघाला. देवीच्या रोगासारख्या साथींनी माणसंच नाहीशी केली आणि उरलेल्यांची रोगप्रतिकाराची जनुकंही बदललेली दिसली. गोव्यात सत्ता गेली, देव गेले, तरी वंश टिकला.

गोव्याचं हे उत्तर जिवंत माणसांच्या नमुन्यांवरून आलेलं आहे. कॅनडासारखी जुन्या हाडांशी तुलना इथे अवघड, कारण उष्ण-दमट हवेत डीएनए लवकर विरतो. दिल्लीपासून दीडशे किलोमीटरवरच्या हडप्पाकालीन राखीगढीत, कोकणापेक्षा कितीतरी कोरड्या हवेत, पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठाहून अधिक नमुने चाळले, तेव्हा एकाच स्त्रीचा उपयोगी डीएनए हाती आला. तरीही सोळाव्या-सतराव्या शतकातल्या गोमंतकीयांची हाडं तपासायला हवीत, आणि ती वंशजांना विचारूनच. मेटलाकाटला आणि लॅक्स क्वालाम्स या त्सिमशियन समाजांना संशोधकांनी आधीपासून सोबत घेतलं, म्हणूनच तिथलं काम उभं राहिलं.