मायचं मत

आमच्या घरात राजकारणावरनं एकच भांडण होतं, आणि ते माय-आबांना जन्मभर पुरलं. माय, म्हणजे माझी आजी, ठासून सांगायची की तिनं मत दिलं म्हणून स्वामी रामानंद तीर्थ दिल्लीला गेले. आबा पानाला चुना लावता लावता म्हणायचे, "तुझं मत पडलं कुठं, आन् स्वामी निवडून आले कुठून!"

कागदावर आबांचंच खरं. स्वामीजी १९५२ साली लोकसभेवर गेले ते गुलबर्ग्याहून, आणि १९५७ साली औरंगाबादेतून. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होतं, वेगळा जिल्हा व्हायला १९८१ उजाडलं. पण १९५७ ला लोकसभेची जालन्याची जागा निराळी होती. नवीन जालन्यात राहणाऱ्या मायच्या पुढं स्वामीजींची पेटी यायचं कारणच नव्हतं. होय, पेटीच. त्या निवडणुकांत दर उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर चिन्ह चिकटवलेलं, आणि चिठ्ठी हव्या त्या पेटीत सोडायची. मायला अक्षर ठाऊक नव्हतं, पण बैल ठाऊक होते. बैलजोडी म्हणजे काँग्रेस आणि काँग्रेस म्हणजे स्वामी, एवढा सरळ तिचा हिशेब.

आता काँग्रेसमध्ये माणसं काय कमी होती? मग स्वामीच का? ह्याचं उत्तर मला वाटतं कापसाच्या जिनात आहे. जालन्याला 'सोन्याचा पाळणा' म्हणतात. त्या पाळण्याला झोका देणाऱ्या हातांत मायचेही हात होते. कापसाच्या हंगामात ती जिनिंगमध्ये रेच्यावर जायची. रेचा म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारं यंत्र. बाया ओळीनं उभ्या राहून त्यात कापूस घालायच्या. म्हातारपणी सांगताना ती उठून उभी राहायची, उजव्या हातानं कापूस ओढून डाव्या हातानं पसरून दाखवायची, आणि मग पदरानं नाक झाकायची, कारण आठवणीतसुद्धा तिला बारीक तूस उडताना दिसायचं. मजुरी हाली सिक्क्यात, निजामाच्या नाण्यात. दुपारी भाकरी, ठेचा आणि शेजारणीच्या डब्यातली येसराची आमटी. येसर कुणाचं चांगलं ह्यावर जिनातल्या बायांत म्हणे मजुरीपेक्षा जास्त वाद व्हायचे.

ह्याच जिनाच्या फाटकावर कुणीतरी बायांना सांगितलं होतं की स्वामी आधी मजुरांचं काम करायचे. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, ते मायला आठवत नव्हतं. पण गोष्ट खोटी नव्हती. भगवी वस्त्रं घालायच्या आधी ते व्यंकटेश खेडगीकर होते. जन्म १९०३ चा, विजापूरकडच्या सिंदगीचा. शिकून बाहेर पडल्यावर ते मजूर पुढारी ना. म. जोशींचे चिटणीस झाले. जोशी म्हणजे १९२० मध्ये आयटक ही मजूर संघटना उभी करणाऱ्यांतले, आणि १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात मजुरांच्या बाजूनं बोलणारे. संघटना करणं हा मजुराचा गुन्हा धरू नये म्हणून त्यांनी तिथं ठराव आणला, आणि १९२६ मध्ये ट्रेड युनियनचा कायदा झाला. मजुराचं गाऱ्हाणं कायद्याच्या भाषेत कसं बसवायचं, ते ह्या तरुणानं जोशींच्या टेबलाशी बसून पाहिलं. पुढं तब्येतीनं दगा दिला म्हणून ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले, संन्यास घेतला, नंतर अंबाजोगाईला शिकवलं आणि १९३८ मध्ये निजामाच्या राज्यात हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. १५ ऑगस्ट १९४७ ला हैदराबादेत तिरंगा फडकवला आणि पुन्हा आत.

त्यानंतरच्या वर्षाची गोष्ट घरात दबक्या आवाजात निघायची. निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या भीतीनं माय-आबा बैलगाडीनं देऊळगाव राजाकडं गेले होते. ते वऱ्हाडात, म्हणजे निजामाच्या हद्दीबाहेर. मायनं बरोबर जातं घेतलं होतं असं आबा सांगायचे, माय म्हणायची, "जातं कामून नेईन? पाटा नेला व्हता." सतरा सप्टेंबर झाला, निजामाचं राज्य संपलं, तेव्हा कुठं परतले. जनार्दनमामा नागापूरकरांसारखी माणसं गावानं गमावली होती, आणि त्यांच्या नावाच्या मामा चौकातून जाताना आबा न चुकता टोपी काढायचे.

राज्य गेलं, पण कूळ आणि मजूर तिथंच होते. स्टेट काँग्रेसमध्ये काहींना खुर्ची दिसत होती, स्वामीजींना मात्र जमीन कसणारा दिसत होता. १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, १९५० मध्ये हैदराबाद कूळकायदा आला. आमच्या आबांच्या मेहुण्याला त्याच कायद्यानं दोन बिघे मिळाले की चार, ह्यावरही घरात एकमत नव्हतं. स्वामीजी लोकसभेत गेले, भाषावार प्रांतांसाठी आणि मराठवाडा महाराष्ट्रात यावा म्हणून झगडले, विनोबांच्या भूदानात उतरले. मंत्रिपद मात्र कधी घेतलं नाही. त्यांच्या तालमीतले नरसिंह राव पुढं पंतप्रधान झाले. आबा ते पेपरात वाचून म्हणाले, "गुरूनं खुर्ची घेतली न्हाई, चेल्यानं सगळ्यात मोठी घेतली." कौतुक होतं की टोमणा, अजून कळलेलं नाही.

१९६२ नंतर स्वामीजी पुन्हा लोकसभेत दिसले नाहीत, आणि २२ जानेवारी १९७२ ला हैदराबादेत गेले. आज अंबाजोगाईला सरकारी दवाखान्यात दाखल झालेला माणूस 'स्वारातीत आहे' असं लोक म्हणतात, आणि नांदेड-लातूरची पोरं विद्यापीठाचं नाव 'स्वारातीम' असं आखूड करतात. नाव सगळ्यांच्या तोंडी आहे, माणूस मात्र अक्षरांत घडी होऊन बसलाय. संन्यासी म्हणून, मुक्तिसंग्रामाचा पुढारी म्हणून त्यांची तसबीर लागते, हार पडतो, ते रास्तच. पण मायनं त्यांना ओळखलं ते मजुरांचा माणूस म्हणून, तेही न वाचता, जिनाच्या फाटकावर ऐकून. विद्यापीठाच्या त्या पोरांपैकी एकानं तरी मास्तरांना विचारावं, की हे स्वामी भगवं घालायच्या आधी मजूर संघटनेच्या कचेरीत काय लिहीत बसायचे?